ओगावाबाई आणि देठाची फुलं

आमच्या घरात देठ म्हणजे चोरीचा माल होता. कुणाला हसू येईल, पण फुलांच्या धंद्यातल्या माणसाला विचारा. फूल तराजूत जातं, आणि त्याच्याबरोबर बोटभर देठ गेला की गिऱ्हाइकाच्या पदरात तेवढं फूल कमी पडतं. सोलापूरच्या मंडईतले बाकीचे फुलारी शेवंतीला अर्धा इंच, झेंडूला पाऊण इंच देठ ठेवून सर्रास वजन मारायचे. अप्पांच्या टोपलीत मात्र शोधूनही देठ सापडायचा नाही. ‘हूगाराचं फूल म्हणजे नुसतं फूल’ असं शुक्रवार पेठेत बोललं जायचं, आणि अप्पा ते ऐकून न ऐकल्यासारखं करत मिशीतल्या मिशीत हसायचे. हूगार म्हणजे कानडीत फुलारी. आम्ही घरात कानडी आणि दारात मराठी बोलणारी माणसं. वडिलांना अप्पा म्हणायचं, आईला अव्वा, आणि मी त्यांची एकुलती एक शांता.

आमची सकाळ मिलच्या भोंग्याआधी सुरू व्हायची. होटगी रस्त्यावरच्या मळ्यांतून फुलांची पोती सायकलवरून यायची, ती अप्पा ओसरीत पालथी करायचे, आणि आम्ही तिघं ओल्या गोणपाटाभोवती बसायचो. अंगठ्याचं नख देठाच्या गळ्याशी लावायचं आणि टच् करून मोडायचं. फूल डावीकडे, देठ उजवीकडे. पलीकडच्या गल्लीत तेलुगू विणकरांचे माग खटाखट चालू असायचे आणि आमच्या ओसरीत टच्, टच्, टच्. अप्पांच्या अंगठ्याचं नख हिरवंकाळं आणि जाडजूड झालेलं होतं. बोलताना, भांडताना, भजन गुणगुणताना तो अंगठा चालूच असायचा. झोपेतसुद्धा चालतो असं अव्वा सांगायची आणि ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ढीग संपला की कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दह्याचा गोळा. हात कितीही घासून धुतले तरी प्रत्येक घासाला झेंडूचा वास यायचा. लग्नानंतर सासरी पहिले सहा महिने मला जेवण अळणी लागायचं, आणि सासूबाई बिचाऱ्या मिठाचा डबा पुढं सरकवायच्या. त्यांना काय सांगणार, की कमी आहे ते मीठ नव्हे!

गावातल्या मोठ्या सभागृहाला हार पुरवायचं काम अप्पांकडे त्यांच्या लहानपणापासून होतं. आधी आजोबांच्या मागून टोपली घेऊन जायचे, मग एकटे. मंत्री येवोत, गवई येवोत, नाटक येवो, हार आमचा. पण टोपली मागच्या दारानं द्यायची आणि मागच्या दारानंच परत फिरायचं. चाळीस वर्षांत अप्पांनी त्या सभागृहातला एकही कार्यक्रम पाहिला नव्हता. तशी कुणी मनाई केली होती असं नाही, पण ‘बसा’ असंही कुणी म्हटलं नव्हतं, आणि न बोलावता बसणाऱ्यांतले अप्पा नव्हते. आपला हार कुणाच्या गळ्यात पडला हे त्यांना दुसऱ्या दिवशी पेपरातल्या फोटोवरून कळायचं. तिथंही ते माणसाकडं बघायचे नाहीत. “गोंडा उलटा घातलाय बघ येड्यानं,” म्हणायचे आणि पेपर बाजूला ठेवायचे.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा उठली त्याच सुमारास गावात बातमी फुटली की जपानी कलावंत येणार. मुंबई-पुण्याचे कार्यक्रम करून मंडळी हैदराबादला निघाली होती, आणि आमच्या गावातल्या सांस्कृतिक मंडळाच्या सेक्रेटरींनी, ते पेशानं वकील होते, कुठं कुठं पत्रं लिहून त्यांना एका दिवसासाठी सोलापुरात उतरवून घेतलं होतं. माझं प्री-डिग्रीचं वर्ष. कॉलेजात दुसरा विषयच नव्हता. जपान म्हणजे ट्रान्झिस्टर आणि जॉर्जेटची साडी एवढंच आम्हाला ठाऊक, आणि आता तिथली जिवंत माणसं येऊन पंखे घेऊन नाचणार, तेरा तारांचं वाद्य वाजवणार, कागदाचे पक्षी करणार आणि एक बाई रंगमंचावर फुलं मांडून दाखवणार! मी धावत घरी येऊन हे सांगितलं तेव्हा अव्वा भाकरी थापायची थांबली. “फुलं मांडायला शिकावं लागतंय?” तिनं विचारलं. त्या बाईनं म्हणे तीस वर्षं त्याचं शिक्षण घेतलंय, मी म्हटलं. अव्वानं अप्पांकडं बघितलं, अप्पांनी अव्वाकडं बघितलं, आणि दोघंही एकदमच हसत सुटली.

चार दिवसांनी वकीलसाहेब स्वतः स्कूटरवरून दुकानी आले. फुलांची यादी दिली, इंग्रजीत टाइप केलेली, आणि जाता जाता, त्यांना काय वाटलं कुणास ठाऊक, खिशातून दोन कार्डं काढून अप्पांच्या हातावर ठेवली. “या वेळी तुम्हीही या, हूगार. फुलांचाच कार्यक्रम आहे. तिसरी रांग.” अप्पा ती कार्डं घेऊन कितीतरी वेळ उभेच राहिले. मग घरी येऊन त्यांनी ती सिद्धरामेश्वरांच्या तसबिरीमागं खोचली, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत दूधवाल्यापासून मागावरच्या माणसांपर्यंत सगळ्या पेठेला ठाऊक झालं की हूगार तिसऱ्या रांगेत बसणार. लग्नातला कोट ट्रंकेतून निघाला, धुतला गेला, इस्त्रीला गेला. अव्वा म्हणाली, “तुमी दोघं जावा. मला न्हाय बाबा खुर्चीवर बसवत इतका वेळ.” मी तर हवेतच होते.

आता त्या यादीचं सांगते. अप्पांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून ती मी वाचली. पांढरी शेवंती वीस, पिवळी दहा, गुलछडी बारा, कुठल्याही झाडाच्या पाच-सहा फांद्या, आणि सगळ्यात खाली एक ओळ: देठ लांब ठेवावेत, निदान हातभर.

“वीस किलो?” अप्पांनी विचारलं.

“वीस फुलं.”

“वीस नग? जपानातनं माणसं यायची आणि आपण वीस फुलं मोजून द्यायची? सोलापूरची काय अब्रू ऱ्हाती? चार टोपल्या देऊ.”

“आणि देठ हातभर ठेवा म्हणतंय.”

अप्पा गालात हसले. “वकील हाय तो. परीक्षा बघतोय आपली. हूगार वजनात देठ घालतो का न्हाय, ते बघायचंय त्याला. न्हायतर हातभर देठ मागायला त्या लोकांस्नी काय शेळ्या पाळायच्यात?”

मी सतरा वर्षांची होते, इंग्रजी वाचता येत होतं, आणि ती ओळ मला स्वच्छ कळलेली होती. तरी मी गप्प बसले. जन्म फुलात घालवलेल्या माणसाला देठाचं शहाणपण मी कसं शिकवायचं, हे एक कारण. आणि खरं सांगायचं तर कार्यक्रमाला अव्वाची जांभळी इरकल नेसायची की मावशीची जॉर्जेट मागून आणायची, या विचारापुढं मला दुसरं काही सुचत नव्हतं, हे दुसरं. तेव्हा पुढं जे झालं त्याचं निम्मं पाप माझ्या माथी आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आमच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. होटगी रस्त्याच्या बसप्पाच्या मळ्यातली शेवंती आली, आणि करमाळ्याहून अप्पांच्या एका ओळखीच्या मळेवाल्यानं गुलछडीचे भारे एस.टी.च्या टपावरून धाडले, चांगले लांबलचक दांड्यांसकट. त्या दांड्या बघून मला यादीतली शेवटची ओळ आठवली. पण तोवर टच्-टच् सुरू झालं होतं. परदेशी पाहुण्यांचं काम म्हणून अप्पांनी त्या दिवशी कमालच केली. एरवी कळीच्या बुडाला राहतो तेवढा हिरवा ठिपकासुद्धा त्यांनी शिल्लक ठेवला नाही. गुलछडीची कळी न् कळी सुटी केली. फांद्या म्हणून आंब्याचे डहाळे आणले होते, त्यांची पानं खुडून, सारखी लावून, अव्वानं दारासाठी तोरण ओवलं. देठांचा आणि दांड्यांचा ढीग नेहमीप्रमाणं शेजारच्या म्हशीपुढं गेला. अकरा वाजता चार टोपल्या ओल्या फडक्याखाली तयार होत्या, आणि अशी फुलं मी पुन्हा कधी पाहिली नाहीत. आम्ही तिघं त्यांच्याकडं बघत नुसते उभे होतो.

सभागृहाच्या मागच्या दारानं टोपल्या आत गेल्या. अप्पा कोट घालूनच आले होते, कार्डं आतल्या खिशात. रंगमंचावर फुलं मांडणाऱ्या त्या ओगावाबाई होत्या. पन्नाशीच्या, अंगानं किडकिडीत, राखी रंगाचा किमोनो, पायात पांढरेशुभ्र मोजे. त्यांच्यापुढं काळ्या रंगाचं पसरट ताटासारखं भांडं आणि त्यात एक जड चकती, तिच्यावर दाट खिळे उभे. “फुलास्नी खिळ्यावर बसवत्यात?” अप्पा माझ्या कानाशी पुटपुटले. शेजारी पुण्याहून आलेले दुभाषी जोगळेकर होते, जपानी शिकलेले, अतिशय सौम्य गृहस्थ. वकीलसाहेबांनी मोठ्या झोकात पहिल्या टोपलीवरचं फडकं काढलं आणि जागच्या जागी थिजले. मग दुसरीवरचं काढलं, तिसरीवरचं, चौथीवरचं.

“देठ कुठेत?” त्यांनी विचारलं.

“एक बी न्हाय,” अप्पा अभिमानानं म्हणाले. “बघा की हात घालून.”

त्यानंतर वकीलसाहेब जे बोलले ते सगळं मी लिहीत नाही. यादी वाचता येत नव्हती तर विचारायचं होतं. इथं काय कुणाचं लग्न लावायचंय. सहाला कार्यक्रम, गावातली सगळी मोठी माणसं येणार, आणि जपानच्या पाहुण्यांपुढं गावाचं तोंड काळं केलंत. रंगमंचावर नाचाच्या दोन मुली, वाद्यवाला, झाडूवाला, सगळे बघत होते. शेवटी हात पुढं करून ते म्हणाले, “ती कार्डं द्या इकडं. मागच्या दाराची माणसं मागच्या दारालाच बरी.” अप्पांनी आतल्या खिशातून, रुमालात गुंडाळलेली ती दोन कार्डं काढून त्यांच्या हातावर ठेवली. ‘यादी पोरीनं वाचली होती’ असं एक अक्षर त्यांच्या तोंडून निघालं नाही. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की मी ओरडूनच बोलले, “यादी मी वाचलीय! देठाचं मला कळलं होतं. चूक माझी आहे, अप्पांची नाही!” पण माझ्याकडं बघायला वकीलसाहेबांना सवड नव्हती.

एवढ्यात ओगावाबाई उठून टोपलीपाशी आल्या. गुडघ्यावर बसल्या, दोन्ही हात कोपरापर्यंत शेवंतीत घातले आणि ओंजळ वर काढली. एकेक फूल उलटं करून बघायला लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. आम्हाला वाटलं रडतायत. पण त्यांनी मान वर केली तेव्हा त्या हसत होत्या, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. जोगळेकरांना काहीतरी म्हणाल्या.

“बाई विचारतायत,” जोगळेकर म्हणाले, “इतकं स्वच्छ कुणी तोडलं?”

अप्पा खाली मान घालून उभे. मी त्यांच्याकडं बोट दाखवलं.

“आणि देठ कुठे आहेत?”

“म्हशीनं खाल्ले,” मी म्हटलं. खरं ते सांगितलं.

जोगळेकरांनी ते जपानीत सांगितलं. बाई पुन्हा हसल्या, पुन्हा काही बोलल्या. “बाई म्हणतायत, जे म्हशीनं खाल्ले नाहीत ते देठ कुठे आहेत?”

“मळ्यात.”

“मग चला, म्हणतायत.”

दुपारचा दीड वाजला होता. पाहुण्यांचं जेवण मिलच्या मोठ्या साहेबांच्या बंगल्यावर ठरलेलं. वकीलसाहेब मध्ये आडवे आले, पण बाईंनी त्यांना कमरेत वाकून असा काही नमस्कार केला की त्यांना बाजूलाच व्हावं लागलं. बाहेर टांगा उभा होता. पुढं टांगेवाल्याशेजारी जोगळेकर, मागं ओगावाबाई आणि मी. अप्पा आले नाहीत. “तू जा,” एवढंच म्हणाले. मी रागानं आणि आनंदानं इतकी फुलले होते की काय करू ते सुचत नव्हतं. एका बाजूला वाटत होतं परत जाऊन त्या वकिलाच्या अंगावर चारी टोपल्या उपड्या कराव्यात. दुसऱ्या बाजूला, माझ्या मांडीला मांडी लावून एक जपानी बाई बसली होती, आणि रस्त्यावरची सगळी माणसं सायकली थांबवून बघत होती! कॉलेजातल्या दोन मैत्रिणी कोपऱ्यावर दिसल्या, त्यांना मी हात केला, पण तोंडाचा आ वासून त्या उत्तर द्यायलाच विसरल्या.

बसप्पा बांधावर हुरडा भाजत बसला होता. काळ्या रानातून राखी किमोनो वर खोचून, पांढऱ्या मोज्यांनी ढेकळं तुडवत येणारी बाई बघून तो उभाच राहिला. मी सगळं सांगितलं. “हात्तिच्या,” तो म्हणाला, “कापा की काय पायजे ते. पर आधी हुरडा खावा. उन्हाचं आलाय.” बाईंनी तळहातावर हुरडा घेतला, खाल्ला, आणि पुन्हा हात पुढं केला. मग त्या मळ्यात शिरल्या आणि त्यांनी जी एकेक गोष्ट निवडली ती बघून बसप्पाचा जीव कासावीस झाला. बांधाला करडई फुलली होती, पिवळी, टोकाला केशरी झालेली, अंगभर काटे. आमच्याकडं करडईच्या फुलाला फूल कोण म्हणतं? ती तेलाची. त्यांनी बुडापासून तीन ताटं कापली. काटे मी सोसले, माझे दोन्ही हात ओरबाडून निघाले, पण त्या वेळी काही जाणवलंच नाही. मग त्या जोंधळ्यात गेल्या आणि नेमकं पाखरांनी निम्मं खाल्लेलं, मान टाकलेलं कणीस घेतलं.

“आवं बाई, ते कशाला? चांगलं भरलेलं देतो की!”

बाईंनी मान हलवली. तेच हवं. मग कुंपणाला जळणासाठी टाकलेली बाभळीची वाळकी फांदी उचलली, फिरवून फिरवून बघितली, आणि लहान मूल उचलावं तशी दोन्ही हातांवर घेतली. शेवटी शेवंतीच्या वाफ्यात जाऊन एका हातानं झाड धरून, बुडाजवळ कात्री लावून, हातभर देठाची दहा-बारा फुलं कापली. बसप्पा मला हळूच म्हणाला, “हितनं कापलं तर झाडाला ऱ्हातंय काय? हूगाराला सांगू नगंस हां. लई बोलंल मला.” आज इतक्या वर्षांनी आमचं दुकान माझा चुलत पुतण्या चालवतो. काचेच्या कपाटात देठासकट गुलाब ठेवतो, वर चकचकीत कागद गुंडाळतो, आणि लोक तेच मागतात. मी गेले की तो मुद्दाम विचारतो, “आत्त्या, मोडू का देठ?” मी त्याला एक धपाटा घालते.

आम्ही परतलो तेव्हा साडेचार झाले होते. सभागृहाच्या मागच्या पायरीवर अप्पा बसले होते. कोट काढून घडी करून ठेवलेला, चारी टोपल्या भोवती, आणि ते हार ओवत होते. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला नको होते. पण इतकी फुलं समोर सुकताना बघत बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीस-चाळीस हात माळ गुंडाळीनं पायरीवर पडली होती. ओगावाबाई टांग्यातून उतरल्या त्या सरळ त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि त्यांच्या बोटांकडं बघत राहिल्या. पाचएक मिनिटांनी त्या उठल्या, जोगळेकरांशी दोन वाक्यं बोलल्या आणि आत गेल्या. जोगळेकरांनी खिशातून दोन निळे पास काढले. “हे आमच्या कलावंतांचे पास आहेत. पहिली रांग, उजवी बाजू. त्यावर मंडळाचा काही अधिकार नाही.” अप्पा नको नको म्हणत होते. मी त्यांना कोट घालायला लावला, अक्षरशः बाही धरून.

पंख्यांचा नाच झाला. वाद्य झालं, ते पावसाच्या थेंबांसारखं अधूनमधूनच वाजायचं, आणि मध्ये शांतता असायची, त्यामुळं मागच्या रांगांतले लोक दर वेळी संपलं समजून टाळ्या वाजवत होते. कागदाचा बगळा झाला. आणि मग ओगावाबाई. त्यांनी बाभळीची फांदी खिळ्यांत रोवली, जरा कलती. सभागृहात खसखस पिकली: काटकी! मग करडईचं एक ताट, मग ते पाखरांनी खाल्लेलं कणीस, वाकून पाण्याकडं बघणारं. बास. एवढंच. मागं पांढरा पडदा. मी रोज ज्यांच्याकडं ढुंकून बघत नव्हते ती होटगी रस्त्याची सगळी माळरानं, ऊन, वारा, त्या भांड्यात उभी होती. मला ओरडावंसं वाटलं. शेजारी अप्पा खुर्चीच्या कडेवर टेकून होते, मांडीवर हात, आणि त्यांचा अंगठा हलत होता.

मग जोगळेकर ध्वनिक्षेपकापाशी आले. बाईंची इच्छा आहे, ते म्हणाले, की ज्यांनी आजची फुलं आणली त्यांनीही इथं येऊन एक फूल मांडावं. पहिल्या रांगेच्या मधोमध बसलेले वकीलसाहेब अर्धे उठले. “ते कार्यक्रमात नाहीत,” असं काहीतरी म्हणाले. बाई रंगमंचाच्या कडेला येऊन अप्पांच्या दिशेनं वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. आता न जाणं शक्यच नव्हतं. अप्पा उठले. पायऱ्या चढताना एकदा अडखळले. सगळं गाव बघत होतं: डॉक्टर, प्रोफेसर, मिलचे साहेब, ज्यांच्या गळ्यात त्यांचे हार पडले होते अशी सगळी माणसं.

बाईंनी दुसरं भांडं पुढं ठेवलं, पाणी ओतलं आणि पांढऱ्या शेवंतीचं एक फूल, पानांसकट, हातभर देठाचं, अप्पांच्या हातात दिलं. अप्पांनी ते डाव्या हातात धरलं. उजवा हात पुढं आला. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले, कारण मला कळलं होतं, पण ओरडायला वेळच मिळाला नाही. ध्वनिक्षेपक जवळच होता. टच्! एवढा आवाज झाला की शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

फूल अप्पांच्या एका हातात, देठ दुसऱ्या. आख्खं सभागृह हसलं. खो खो हसलं. वकीलसाहेब तर मांडीवर थाप मारून हसले. अप्पांचा चेहरा पडला, राखेसारखा झाला. ते फूल घेऊन उभं राहावं की खाली ठेवावं, हेही त्यांना समजत नव्हतं. मला त्या पाचशे माणसांचा इतका संताप आला की तो आजही उतरलेला नाही.

ओगावाबाई हसल्या नाहीत. त्यांनी अप्पांच्या हातून तो बिनफुलाचा देठ घेतला, दोन्ही हातांनी, प्रसाद घेतात तसा. त्याच्याकडं नीट बघितलं, खालचं एक पान काढलं, आणि तो खिळ्यांत उभा केला. सरळ, हिरवा, एकटा. मग अप्पांचं मनगट धरून त्यांचा हात भांड्यापर्यंत नेला. अप्पांना उमगलं. त्यांनी ते फूल अलगद पाण्यावर सोडलं. ते जरा फिरलं, तरंगत देठाच्या पायाशी आलं आणि तिथं थांबलं. हसू कुठं विरलं ते कळलंच नाही. बाई दोन पावलं मागं सरकल्या, बघत राहिल्या, आणि एकच शब्द बोलल्या.

“पूर्ण झालं, म्हणतायत,” जोगळेकर म्हणाले.

टाळ्या कुठून सुरू झाल्या मला सांगता येणार नाही. मला तर मी स्वतः वाजवलेल्याच ऐकू येत होत्या, ओरबाडलेल्या हातांनी, वेड्यासारख्या. मग सगळेच उभे राहिले. वकीलसाहेबही उभे राहिले, त्यांना राहावंच लागलं. अप्पांनी बाईंना हात जोडले, बाई वाकल्या, अप्पाही तसेच कमरेत वाकले, आणि मग कुणी आधी सरळ व्हायचं हे दोघांनाही कळेना, अशी ती दोघं बराच वेळ राहिली.

खाली येऊन ते माझ्याशेजारी बसले. या वेळी कडेवर नाही, पाठ टेकून. टाळ्या चालूच होत्या. त्यांनी माझ्या कानाशी तोंड आणलं.

“बाई लई मोठी हाय, शांते,” ते म्हणाले. “पर धंदा न्हाय जमायचा तिला. एका फुलात घर कसं चालंल?”

आणि हसायला लागले. हसता हसता टोपी काढून त्यांनी तोंडावर धरली, आणि ती बराच वेळ खाली घेतली नाही. मी त्यांच्याकडं न बघता टाळ्या वाजवत राहिले.